कंसातलं पुणे

शेंडवाडीच्या पंपहाऊसच्या दारावर पाटी लागली, त्या दिवसापासून सहादेव हासे मागच्या दाराने आत जायला लागला.

पाटी तशी देखणी होती. संगमनेरच्या छगन पेंटरने निळ्या जमिनीवर पांढऱ्या अक्षरांत रंगवलेली. छगनचा हातच असा, की त्याने नुसतं ‘येथे थुंकू नये’ लिहिलं तरी जाणारा माणूस थांबून वाचायचा. वर ‘प्रवराकाठ सहकारी उपसा सिंचन संस्था’ आणि खाली ‘सहादेव गोरक्ष हासे, बी.ई. (पुणे)’. त्यातलं ‘पुणे’ छगनने आपणहून जरा ठळक केलं होतं. संस्थेच्या अध्यक्षांना, म्हणजे काकासाहेबांना, बरं वाटावं म्हणून.

आता यात खोटं काही नव्हतं, हे आधीच सांगून टाकलेलं बरं. पदवीपुढे कंसात विद्यापीठाचं नाव घालायची तेव्हा रीतच होती. मुंबई विद्यापीठाचा असला तर कंसात मुंबई, पुणे विद्यापीठाचा असला तर कंसात पुणे. सहादेव पुणे विद्यापीठाचा होता. फक्त पुण्यात तो उभ्या जन्मात दोनदा गेला होता. एकदा पदवी घ्यायला आणि एकदा मुलाखतीला, आणि मुलाखतीच्या दिवशी तर दुपारच्या एस.टी.ने परतही आला होता.

त्याचं कॉलेज होतं टाकळखेड्याला. खानदेशात, कापसाच्या मुलखात, रेल्वे स्टेशनापासून सात मैल आत. बंद पडलेल्या एका जिनिंग फॅक्टरीच्या गोडाऊनमध्ये ते भरायचं. पावसाळ्यात वर्गात छत्र्या उघडायच्या आणि वर्षभर पोरांच्या केसांत कापूस सापडायचा. प्रयोगशाळेत एक लेथ आणि त्या फॅक्टरीचंच एक जुनं विलायती ऑइल इंजिन, एवढाच ऐवज. इंजिनाला पोरं ‘म्हातारी’ म्हणायची. म्हातारी रोज नव्या कारणाने रुसायची, त्यामुळे रोज उघडावी लागायची. दुसऱ्या कॉलेजांतली पोरं इंजिन चार वर्षांत एकदा उघडत असतील, टाकळखेड्याच्या पोरांनी ते डोळे मिटून उघडलं आणि जोडलं होतं. शिकवायला पुंजाराम मिस्त्री. मराठी चौथी पास, कानावर बिडी, आणि प्राचार्य समोर आले तरी हातातला पाना खाली न ठेवणारा माणूस.

सहादेव नगर जिल्ह्यातल्या अकोल्याकडचा, राजूरच्या डोंगरातला. एकोणसत्तर साली तो पास झाला आणि नेमका तेव्हाच इंजिनिअरांचा बाजार उठला होता. पेपरात चार ओळींची जाहिरात यायची आणि पाचवी ओळ ठरलेली: ‘नामवंत महाविद्यालयांच्या पदवीधरांस प्राधान्य.’ सहादेव जाहिराती कापून ठेवायचा आणि कापताना कात्री त्या पाचव्या ओळीपाशी जरा रेंगाळायची. पुण्याच्या मुलाखतीत साहेबाने अर्ज वाचता वाचता भुवया वर केल्या होत्या.

“टाकळखेडे? हे कुठं आलं?”

सहादेवने मनापासून पत्ता सांगितला. कुठल्या जंक्शनाला गाडी बदलायची, कुठून बैलगाडी मिळते, नाला आला की डावीकडे कसं वळायचं.

“तिथे इंजिनिअरिंग कॉलेज आहे?”

“आहे साहेब. मी तिथूनच तर आलो.”

“कळवतो,” साहेब म्हणाले. अजून कळवायचेच आहेत.

अशी दोन वर्षं गेल्यावर शेंडवाडीची मुलाखत आली. प्रवरेतून पाणी उचलून वरच्या माळावर न्यायचं, दोनशे एकर भिजवायचं, त्यासाठी गावाने संस्था काढली होती. देवळातल्या सतरंजीवर आठ संचालक बसले होते. अर्ज वाचता येणारे दोघेच आणि त्यातल्या एकाचा चष्मा घरी राहिलेला. काकासाहेबांनी अर्ज हातभर लांब धरला.

“बी.ई... पुणे. पुन्याचे का तुमी?”

“पुणे विद्यापी...”

त्यातला ‘ठ’ सहादेवच्या तोंडातच राहिला. काकासाहेबांनी मांडीवर अशी थाप मारली की देवळातली कबुतरं उडाली.

“ऐका रं! मांजरवाडीनं नाशिकचा आनलाय ना? आपला पुन्याचा!”

मांजरवाडी नदीपलीकडची. तिथली योजना शेंडवाडीच्या एक वर्ष आधी झाली, हे दुःख काकासाहेबांना जेवताना आठवायचं. मांजरवाडीचा अध्यक्ष गहिनीनाथ दर बाजाराला संगमनेरात भेटायचा आणि ‘आमचा नाशिकचा इंजिनेर’ असं मुद्दाम मोठ्याने म्हणायचा. आता त्याच्यावर कडी झाली होती.

सहादेवने त्याच वेळी बोलायला हवं होतं, हे त्यालाही कळत होतं. पण दोन वर्षांत पहिल्यांदा कुणीतरी त्याचा अर्ज वाचून खूश झालं होतं. आठ माणसं त्याच्याकडे कौतुकाने बघत होती. तो गप्प बसला. पाडव्याला पाणी पडलं की नेमणूक पक्की, असं ठरलं आणि त्याच्या हातात पेढा आला.

त्यानंतर पुणे वाढतच गेलं. काकासाहेब दर बाजाराला त्यात भर घालायचे. “तिथं मनोऱ्यावर घड्याळ हाय, त्याच्याखाली बसून शिकिवत्यात,” असं एकदा त्यांनी सांगितलं. पुढच्या बाजाराला घड्याळाचे दोन मनोरे झाले. त्यांच्या घरच्या झुंबरकाकूंनी एकदा जेवायला वाढता वाढता विचारलं, “काय हो इंजिनेरसाहेब, पुन्यात पुरनपोळी दुधाशी खात्यात का तुपाशी?” सहादेव म्हणाला, “दोन्हीशी.”

सगळ्यात वाईट गोष्ट पोस्टकार्डाची. नोकरी लागल्याचं त्याने पुंजाराम मिस्त्रींना कळवलं, तर मिस्त्रींचं उलट टपाली कार्ड आलं. कार्ड म्हणजे अख्ख्या गावाचं. कानिफनाथ पोस्टमन ते वाचत वाचतच आला.

“‘नोकरीचे कळून म्हातारीलाही आनंद झाला, त्या दिवशी ती एका हँडलात सुरू झाली.’ ही म्हातारी कोन म्हनायची, साहेब?”

“आजी,” सहादेव म्हणाला. “लांबची.”

“आन हँडल?”

“तिचा जरा गुडघा...”

शिक्का पुसट उठला होता म्हणून टाकळखेडे कुणाला वाचता आलं नाही. त्या संध्याकाळी सहादेवने मिस्त्रींना लिहिलं, की यापुढे कार्ड पाठवू नका, बंद आंतरदेशीय पाठवा. कारण लिहिलं नाही. मिस्त्री चौथी पास असले तरी त्यांना कारण लिहून द्यावं लागत नसे. त्यानंतर त्यांचं ना कार्ड आलं ना आंतरदेशीय. चार महिने झाले. सहादेव पाइप टाकत होता, मोटर बसवत होता, लोक त्याच्यावर खूश होते, आणि कानिफनाथची सायकल दिसली की तो हातातलं काम सोडून वाटेकडे बघत राहायचा.

पाडवा आला. भंडारदरा धरणातून पाण्याचं आवर्तन सुटलं होतं, नदी दोन्ही काठांना लागून चालली होती. पंपहाऊसवर गुढी, दाराला आंब्याची तोरणं, बाजूच्या मांडवात चुलाणावर पुरण शिजत होतं. पंप तीन दिवसांपूर्वीच चालवून पाहिला होता आणि पाणी झकास पडलं होतं. तेव्हा काळजी कसली? पण काकासाहेबांना नुसता काळा पाइप बरा दिसेना. त्यांनी छगन पेंटरला बोलावून नदीत उतरणारा सगळा पाइप हिरवा करून घेतला आणि त्यावर संस्थेचं नाव घातलं. छगन दोन दिवस त्या पाइपावर घोड्यावर बसावं तसा बसून अक्षरं काढत होता. हे लक्षात ठेवा.

सकाळी नऊला पंप कंपनीची जीप आली आणि तिच्यातून ओगले उतरले. तिशीतला गोरा, हसरा माणूस, कंपनीचा मोठा इंजिनिअर. काकासाहेबांनी त्यांचा हात धरला तो थेट सहादेवपाशी आणूनच सोडला.

“ह्ये आमचे इंजिनेर. तुमच्याच पुन्याच्या कालेजातले!”

सहादेवच्या तोंडचं पाणी पळालं. ओगल्यांचा चेहरा मात्र असा फुलला, की भाऊच भेटला.

“काय सांगता! कुठली बॅच?”

“एकोणसत्तर,” सहादेव म्हणाला. एवढं तरी खरं होतं.

“मी बासष्टची. होस्टेलला होतात का? मेसमधला तो बंडू आचारी अजून आहे का हो? आणि वर्कशॉपला...”

“एक मिनिट हं, ग्लँड बघून येतो,” असं म्हणून सहादेव पंपाखाली घुसला. तिथून बाहेर आला तर ओगले उभेच. “नदीवर होड्या वल्हवायला जायचात की नाही?” सहादेवला स्टार्टरचे बोल्ट आठवले. तिसऱ्यांदा तो थेट जॅकवेलच्या विहिरीत उतरला आणि तिथे पाण्यात पाय सोडून बसला. मांजरवाडीचा गहिनीनाथ खास निमंत्रणावरून आला होता. तो काठावरून वाकून म्हणाला, “तुमचा इंजिनेर लई कामाचा दिसतोय, काका. बुडतोय का काय?”

साडेदहाला नारळ फुटला. हलगी वाजली. काकासाहेबांनी बटण दाबलं, मोटर घुमली, आणि वरच्या टेकाडावर हौदाच्या तोंडातून पाण्याचा जाडजूड लोट पडला. लोकांनी आरोळी ठोकली. ती आरोळी खाली येईपर्यंत लोट बारीक झाला, मनगटाएवढा, मग करंगळीएवढा. पाइपाने दोनदा उचकी दिली आणि पाणी थांबलं. हलगीवाला तेवढा थोडा वेळ वाजवत राहिला, त्याची पाठ होती.

मोटर बंद केली, पंपात पुन्हा पाणी भरलं, पुन्हा सुरू केली. तेच. तिसऱ्यांदाही तेच.

गहिनीनाथ उपरणं झटकत म्हणाला, “काका, पुन्याचं पानी पुन्यालाच पडतंय जनू!” मांजरवाडीची चार माणसं खो खो हसली. काकासाहेब हसले नाहीत. त्यांनी सहादेवकडे पाहिलं, आणि त्या बघण्यात राग नव्हता, भरवसा होता. सहादेवला राग परवडला असता.

ओगल्यांनी खिशातून पेन्सिल काढली आणि पंपहाऊसच्या नव्या चुन्याच्या भिंतीवरच आकडे मांडले. माणूस हुशार होता, यात शंका नाही. पाच मिनिटांत ते वळले.

“हे बघा, पाणी सतरा फुटांवर आहे. पंपाने ते ओढायलाच हवं. पंप मी स्वतः तपासून पाठवलाय. गणितात कुठे चूक नाही. म्हणजे नदीकडच्या पाइपात हवा शिरतेय. तिथे सांधे पाच. कुठल्या सांध्यातून, ते दिसत नाही. पाचही उकलून पुन्हा बसवायचे. दोन दिवस धरा.”

“दोन दिस?” काकासाहेब म्हणाले. “आन ह्ये सारं गाव जेवाय बसलंय त्ये?”

सहादेव हिरव्यागार पाइपाकडे बघत उभा होता. सांधे कुठे आहेत हेसुद्धा रंगामुळे धड कळत नव्हतं. आणि त्याला जिनिंग फॅक्टरीचं गोडाऊन आठवलं. म्हातारीचा पंप असाच हवा ओढायचा, महिन्यातून तीनदा. पोरं पाने घेऊन धावायची. पुंजाराम मिस्त्री म्हणायचे, “थांबा रे, बिडी पेटवू द्या.” पेटती बिडी ते एकेका सांध्याजवळ न्यायचे. धूर सरळ वर गेला तर सांधा चांगला. धूर वाकून आत घुसला तर चोर तिथेच.

उपाय होता, पण तो गावठी होता. घड्याळाच्या दोन मनोऱ्यांखाली शिकलेला माणूस असलं काही करील का, आणि तेही दुसऱ्या पुण्याच्या माणसासमोर? सहादेव दोन क्षण घुटमळला. मग काकासाहेबांचा चेहरा दिसला आणि तो पूजेच्या ताटाकडे गेला. उदबत्त्यांचा अख्खा जुडगा त्याने उचलून पेटवला.

“मोटर चालू करा,” तो म्हणाला. “आणि चार जण उपरणी धरा. वारा लागू द्यायचा नाही.”

गावातली चार धट्टीकट्टी माणसं अंतरपाट धरावा तशी उपरणी धरून पाइपाभोवती उभी राहिली. आत सहादेव आणि त्याच्या मागोमाग गुडघ्यांवर रांगत ओगले. इस्त्रीची पँट चिखलात गेली त्याचं त्यांना भानच नव्हतं. पहिला सांधा, धूर वर. दुसरा, धूर वर. तिसऱ्या सांध्याशी ‘संस्था’मधला ‘सं’ रंगवलेला होता. तिथे धुराची रेघ थरथरली, वाकली, आणि अनुस्वाराच्या टिंबातून आत शिरली.

“पकडला!” ओगले ओरडले.

छगन पेंटर मागे सरकला. बाजूला ‘स्था’ काढताना त्याची बैठक नेमकी त्याच सांध्यावर होती. त्याच्या वजनाने सांधा हलला होता आणि वरून रंगाने झाकला गेला होता.

सहादेवने बोल्ट आवळले, पण आतली रबराची चकती सरकली होती, फट पुरती मिटेना. नवी चकती संगमनेरहून आणायची म्हणजे दुपार गेली. तो मांडवाकडे पळाला. झुंबरकाकू परात पुढ्यात घेऊन बसल्या होत्या.

“काकू, कणीक द्या.”

“भूक लागली का? जरा दम धरा, पहिली पोळी देवाची.”

“पोळी नको, नुसती कणीक द्या. तेलात मळलेली, हीच.”

काकूंनी त्याच्याकडे, मग परातीकडे पाहिलं आणि मोठा गोळा तोडून दिला. पुरणपोळीची कणीक म्हणजे तास दोन तास तेलपाण्यात तिंबलेली, ओढली तर हातभर यावी आणि तुटू नये अशी. सहादेवने ती सांध्याभोवती थापली. पाइपाच्या ओढीने ती फटीत अशी जाऊन बसली, की तिला तिथेच जायचं होतं. वरून त्याने उपरण्याची पट्टी फाडून घट्ट गुंडाळली आणि पुन्हा एकदा पंपात पाणी भरून मोटर चालू करायला लावली.

पाइपाची उचकी थांबली. मोटरचा सूर खाली आला, भरदार झाला. ओगल्यांनी पाइपाला कान लावला आणि हसू लागले. आणि टेकाडावरून आरोळी आली, आणि या वेळी ती थांबलीच नाही.

काय पाणी पडलं! हौद भरला, पाटाची चारी भरली, आणि ज्या माळावर नांगर खडखडायचा तिथे पाणी पायवाट विचारत निघालं. खालची सगळी माणसं टेकाडावर धावली आणि काकासाहेब धोतरासकट हौदात उतरले. झुंबरकाकू पिठाच्या हातांनी वर आल्या आणि त्यांनी पाण्याला हळदकुंकू वाहिलं. म्हाताऱ्या माणसांनी ओंजळी भरून डोळ्यांना लावल्या. हलगीवाल्याने तर आज हलगी फोडायचीच असं ठरवलं होतं. सहादेव मध्ये उभा होता, नखशिखांत भिजलेला, आणि त्याला रडू येत होतं इतकं बरं वाटत होतं.

“कमाल केलीत!” ओगले सगळ्यांसमोर म्हणाले. “उदबत्ती आणि कणीक! अहो, हे आपल्या कॉलेजात शिकवलं कुणी? मला तर कुणी नाही शिकवलं!”

हलगी नेमकी तेव्हाच थांबली. सगळं गाव ऐकत होतं. ‘आपलं सुचलं असंच’, एवढं म्हटलं असतं तर विषय मिटला असता. नेमणूक पक्की, पाटी पक्की. सहादेवने आपल्या हातांकडे पाहिलं. बोटांना अजून कणीक होती आणि बोटं जाणत होती, त्यांना कुणी शिकवलं ते.

“पुंजाराम मिस्त्रींनी,” तो म्हणाला. “टाकळखेड्याला. मी त्या कॉलेजचा आहे, ओगलेसाहेब. तुमच्या कॉलेजचं मी फाटकसुद्धा पाहिलेलं नाही.”

पाण्याचा तेवढा आवाज येत राहिला.

“आन पाटीवरचं पुनं?” काकासाहेबांनी हौदातूनच विचारलं.

“ते विद्यापीठ, काका. कॉलेज खानदेशातलं. कंसात विद्यापीठाचं नाव घालतात, तशी रीत आहे. पण तुम्ही चुकीचं समजलात हे मला पहिल्या दिवशीच कळलं होतं, आणि मी बोललो नाही. चूक माझीच.”

“कंसात?” झुंबरकाकू गोंधळल्या. “कंस म्हंजी त्यो किस्नाचा मामा? त्याच्यात पुनं कसं गेलं?”

आधी एक हसला, मग दोन, मग सगळा माळ हसायला लागला. ओगले हौदाच्या कडेला टेकून डोळे पुसत होते. गहिनीनाथने संधी साधली. “काका, मंग तुमचा पुन्याचा इंजिनेर गेला कुठं?”

“त्यो गेला पुन्याला,” काकासाहेब म्हणाले. “ह्यो ऱ्हायला आमाला. आन ह्यानं पानी काढलं, समद्यांच्या देखत. तुझ्या नाशिकवाल्याला इचार, कनीक मळता येती का.”

मग ते हौदातून बाहेर आले आणि तसेच निथळत सहादेवपुढे उभे राहिले. आता हसत नव्हते.

“चार म्हैने आमच्यात जेवला, आन ह्ये सांगाया भ्याला व्हय रं, सहादेवा?”

‘इंजिनेरसाहेब’चा ‘सहादेवा’ झाला होता. सहादेवने मान खाली घातली. काकासाहेब वळले.

“छगन, पाटी काढ खाली.”

संगमनेरची एस.टी. किती वाजता, इतकंच सहादेवच्या डोक्यात आलं.

“काढ आन त्ये पुनं खोड. टाकळखेडं लिव्ह. मोठ्या अक्षरात.”

“काका, कंसात विद्यापीठच लिहायचं असतं,” सहादेव म्हणाला.

“इद्यापीठानं कनीक लावली का? मंग!”

जेवताना ओगले त्याच्या शेजारी बसले. पोळीवर तुपाची धार घेत म्हणाले, “खरं सांगू का हासे? मला आमच्या कॉलेजच्या नावावर पहिली नोकरी उभ्या उभ्या मिळाली. चार प्रश्नसुद्धा विचारले नाहीत. तुम्हाला दोन वर्षं ताटकळत ठेवलं, ते काही बरोबर नाही. पण पंप अडला तेव्हा मला फक्त आकडे येत होते. तुमच्या मिस्त्रींचा पत्ता द्या मला.” सहादेवने पत्ता सांगितला. नाल्यापासून डावीकडे वळायचं हेसुद्धा सांगितलं, आणि ओगल्यांनी ते लिहून घेतलं.

दिवाळीच्या सुमारास मांजरवाडीचा नाशिकवाला एका कारखान्यात गेला आणि नगरच्या पेपरात चार ओळींची जाहिरात आली. ‘मांजरवाडी उपसा सिंचन संस्थेस अभियंता पाहिजे.’ पाचवी ओळ गहिनीनाथने स्वतः सांगून घातली होती: ‘टाकळखेडे महाविद्यालयाच्या पदवीधरांस प्राधान्य. पुण्याचे असल्यास चालतील.’

सहादेवने ती उभ्याने तीनदा वाचली. मग कात्री घेतली, आणि पाचव्या ओळीला धक्का न लावता जाहिरात कापून मिस्त्रींना पाठवली. सोबत झाली ती सगळी हकिगत लिहिली, मुलाखतीच्या दिवसापासूनचं गप्प राहणंही लिहिलं, माफी मागितली, आणि शेवटी लिहिलं: ‘आता कार्डच पाठवा.’

आठव्या दिवशी कानिफनाथ पोस्टमन गावाच्या वेशीपासूनच वाचत आला. “‘जाहिरात म्हातारीच्या डोक्यावर खिळ्याने ठोकली आहे. प्राचार्यांनी दोनदा वाचली. कणकेत तेल किती होते ते कळवणे. म्हातारीला लावून बघतो. पुढच्या आठवड्यात येतो.’ साहेब, आजीचा गुडघा बरा दिसतोय म्हनं!”

आणि मिस्त्री खरंच आले. दुपारच्या एस.टी.ने उतरले, कानावर बिडी, हातात पिशवी, आणि पंपहाऊसच्या पाटीसमोर कमरेवर हात ठेवून उभे राहिले. काकासाहेब ओट्यावर पान लावत बसले होते. त्यांनी या माणसाला कधी पाहिलेलं नव्हतं. सहादेव आवाज ऐकून पुढच्या दारात आला, तर मिस्त्रींनी त्याला डोळ्यांनीच गप्प केलं आणि अगदी भोळ्या चेहऱ्याने काकासाहेबांना विचारलं:

“काय हो पाटील, हे टाकळखेडं कुठं आलं?”

काकासाहेबांनी पान तोंडात टाकलं. संगमनेरच्या पलीकडे ते फारसे कधी गेलेले नव्हते.

“टाकळखेडं ठावं न्हाई?” ते म्हणाले. “पुन्याच्या फुडं.”

सहादेवने ते ऐकलं, आणि याही वेळी त्याने दुरुस्ती केली नाही.